तोफ डागतात म्हणजे नेमकं काय करतात?

मतदान संपण्याच्या ठरलेल्या वेळेआधीचे 48 तास जाहीर प्रचाराला बंदी असते. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 126. ही बंदी लागू झाली की दुसऱ्या दिवशीच्या मराठी वर्तमानपत्राचा मथळा ठरलेला: ‘प्रचाराच्या तोफा थंडावल्या’. त्याआधीचे पंधरा दिवस कुणाची तरी तोफ ‘धडाडत’ असते, कुणी कुणावर तोफ ‘डागत’ असतो, आणि एखाद्या नवख्या प्रवक्त्याला पक्षाने ‘तोफेच्या तोंडी’ दिलेलं असतं. तोफ प्रत्यक्ष उडताना पाहिलेले किती जण हे लिहितात आणि वाचतात, हा प्रश्नच आहे. तरी शब्द बिनचूक चालू राहतात. निदान बहुतेक वेळा.

‘बहुतेक वेळा’ म्हणण्याचं कारण असं, की तोफेभोवतीचे वाक्प्रचार कल्पनेतून आलेले नाहीत. ते गोलंदाजाच्या, म्हणजे तोफ चालवणाऱ्याच्या, रोजच्या कामातून निघालेत. तोफ धुण्यापासून ती गार होईपर्यंतच्या प्रत्येक पायरीचा काही ना काही अंश मराठीत उरला आहे. ते काम माहीत असलं की कुठला शब्द कुठे बसतो आणि कुठे बसत नाही, हे शब्दकोश न उघडता कळतं.

आधी शब्दाचं मूळ.

तुर्की भाषेत ‘तोप’ म्हणजे चेंडू, गोल वस्तू. गोळा फेकणारं यंत्र आलं तेव्हा त्यालाही तेच नाव मिळालं. इस्तंबूलचा तोपकापी राजवाडा म्हणजे शब्दशः ‘तोफ-दरवाजा’, आणि त्याच शहरातला तोपहाने भाग म्हणजे तिथला तोफा ओतायचा कारखाना. आपला तोफखानाच तो. फारसीतही ‘तूप’ हा शब्द आजही चेंडू आणि तोफ दोन्हींसाठी चालतो. हिंदी, गुजराती, पंजाबीत ‘तोप’ राहिलं. मराठीने मात्र पचा फ केला, आणि तो इतका रुजला की ‘तोप’ हे आता मराठी कानाला हिंदी वाटतं.

शब्द एकटा आला नाही, माणसांबरोबर आला. 1526 च्या पानिपतात बाबराकडे उस्ताद अली कुली आणि मुस्तफा रूमी हे दोघे तोफांचे जाणकार होते. रूमी म्हणजे रूमचा, अर्थात उस्मानी तुर्कांच्या मुलखातला. आता दख्खनकडे या. विजापूरच्या शेरझा बुरुजावर जी मुलुखमैदान नावाची प्रचंड तोफ आहे ती मुळात ओतली गेली आपल्या अहमदनगरला, 1549 साली, निजामशाहीत. आणि ओतणाऱ्याचं नाव मुहम्मद बिन हसन रूमी. पुन्हा रूमीच. तोफा ओतणारे उस्ताद तिकडचे, तेव्हा कारखान्यातली भाषाही तिकडची.

पण मराठीकडे त्याआधी शब्द नव्हता असं नाही. शिवकाळातली कागदपत्रं वाचताना नवखा वाचक हमखास अडखळतो तो ‘भांडी’ या शब्दापाशी. गडावर अमुक भांडी होती, भांडी बुरुजावर चढवली, भांड्यांचा मार केला. स्वयंपाकघर बुरुजावर कशाला, असं वाटतं. भांडं म्हणजे तोफ. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही भांडी, जंबुरे, बंदुका असा सरंजाम येतो. हे नाव विचित्र नाही: मोठ्या तोंडाची, आतून पोकळ, ओतीव धातूची वस्तू ती. बाबराच्या आठवणींतही मोठ्या तोफेला ‘कझान’ म्हटलंय, आणि कझान म्हणजे कढई, हंडा. दोन वेगळ्या भाषांच्या लोकांना तीच वस्तू पाहून तेच सुचलं. पुढे तोफ टिकली, आणि भांडी परत मांडणीवर गेली.

दक्षिणेत तिसराच प्रकार झाला. तेलुगू आणि कन्नडमध्ये तोफेला ‘फिरंगी’ म्हणतात, तमिळमध्ये ‘पीरंगी’. म्हणजे तोफ ज्यांच्या जहाजांवर पाहिली त्यांचंच नाव तिला दिलं. मराठीनेही फिरंग्यांचं नाव एका शस्त्राला दिलं, पण ते तलवारीला. फिरंग म्हणजे युरोपी घडणीच्या सरळ, लांब पात्याची तलवार. तंजावरच्या बुरुजावरच्या मोठ्या तोफेला तिथले लोक पीरंगी म्हणतात. तिथल्या मराठी दरबारात फिरंग म्हटलं असतं तर कमरेची तलवार समोर आली असती.

याच जागी एक इशारा. नुसत्या आवाजाच्या साम्यावरून तोफेचं नातं जोडायचा मोह आवरावा. तात्या टोपे यांच्या आडनावाची सांगड तोफखान्याशी घालणारी कथा फिरत असते. पण आडनावात ट आहे आणि तोफेत त. टोपीवरून नाव पडल्याची दुसरी कथा खरी असो-नसो, निदान उच्चाराला तरी धरून आहे.

आता तोफेपाशी उभे राहू. जुनी तोफ, तोंडाकडून भरायची. मागचं टोक बंद, आणि त्याच्या वरच्या अंगाला एक बारीक आरपार भोक. त्या भोकाला मराठीत ‘कान’ म्हणतात. तोंड आणि कान, तोफेचे एवढेच अवयव आधी लक्षात ठेवायचे. बाकी सगळं त्यांच्यामध्ये घडतं.

पहिलं काम सफाईचं. लांब दांड्याला बांधलेला ओला बोळा तोंडातून आत घालून नळी पुसून काढायची. हे टाळलं तर आधीच्या बाराचा एखादा निखारा आत धुमसत असतो, आणि नवी दारू आत गेली की ती भरणाऱ्याच्या तोंडावरच पेटते. तोफखान्यातले बरेच अपघात शत्रूमुळे नव्हे, या घाईमुळे होत. सफाई चालू असताना कानावर अंगठा दाबून धरायचा नियम असे, कारण तिथून हवा आत गेली तर निखारा फुलतो.

मग बार. बार हा फारसी शब्द, अर्थ ओझं, भार. तोफेत एका वेळी जेवढी दारू भरायची तेवढा एक बार, आणि ती उडाली तरी ‘बार उडाला’. भरलेला तोही बार, उडालेला तोही बार. म्हणून मराठीत दोन्ही टोकांचे वाक्प्रचार सापडतात. ‘लग्नाचा बार उडवून दिला’ यात उडण्याचा आवाज आहे, धूमधडाका आहे. ‘तंबाखूचा बार भरला’ यात भरण्याची कृती आहे: चिमूटभर तंबाखू, नखावर चुना, तळहातावर मळायचं, थापटून भुकटी उडवायची आणि उरलेलं गालात किंवा ओठाखाली दाबून बसवायचं. तोफेच्या बारासारखंच मोजून घ्यायचं आणि दाबून बसवायचं काम. पानटपरीवर रोज ऐकू येणारा हा शब्द तोफखान्यातून आलाय हे तिथे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

आणि ‘फुसका बार’? त्याची कारणं अगदी ठरलेली असत. दारू सर्दावलेली असली, म्हणजे तिच्यातल्या सोरा या क्षारात मीठ वगैरे भेसळ राहून त्याने ओल धरली असली, की ती भडकत नाही, फुरफुरते. दारूवर ठासलेला बोळा सैल असला तर जोर गोळ्याच्या बाजूने निसटतो. आवाज होतो, धूर होतो, गोळा पुढ्यात पडतो. कान काजळीने बुजला असला तर आगच आत पोचत नाही. यातल्या दुसऱ्या प्रकाराला फुसका बार हे नाव सर्वांत शोभतं, आणि राजकारणातले फुसके बारही बहुतेक त्याच जातीचे असतात: पत्रकार परिषदेचा गाजावाजा झाला, कागद फडकवले, पुढे काही नाही. ज्याने मुळात काही करण्याचा आवच आणला नाही त्याच्या गप्प बसण्याला फुसका बार म्हणू नये. बार फुसका निघायला आधी तो भरलेला असावा लागतो.

दारू या शब्दाचं काय? फारसीत दारू म्हणजे औषध, आणि ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अर्थ अजून शाबूत आहे. मग त्या भुकटीला औषध का म्हणावं? कारण ती ज्यांनी पहिल्यांदा केली त्या चिनी लोकांनीही तिला ‘अग्नी-औषध’ म्हटलं. कन्नडमध्ये ‘मद्दु’ आणि तमिळमध्ये ‘मरुंदु’ हे औषधाचे शब्द तोफेच्या दारूलाही लागतात. सोरा, गंधक, कोळसा या तिन्ही वस्तू वैद्याच्या पुड्यांसारख्याच कुटून, चाळून, मोजून मिसळायच्या. नाव तसं पडलं यात नवल नाही. पिण्याची दारू हा त्याच शब्दाचा तिसरा अर्थ. खडकीला 1869 साली निघालेल्या कारखान्याला आपण दारूगोळा कारखाना म्हणतो, आणि कुणी भलता अर्थ घेत नाही, ही ‘गोळा’ या शब्दाची कृपा.

बार आत गेला, बोळा गेला, गोळा गेला. आता ठासणी. लांब दांड्याने सगळं तळापर्यंत दाबून बसवायचं. कोकणातल्या पोलिसांच्या बातम्यांत ‘ठासणीची बंदूक जप्त’ हे अजून वाचायला मिळतं. तोंडाकडून दारू ठासून भरायची ती ठासणीची. ‘ठासून सांगणे’, ‘ठासून भरलेली गाडी’ हे मात्र सरसकट तोफेच्या खात्यावर मांडू नये. ठासणे ही क्रिया पोत्यालाही लागते, गादीलाही. तोफेने शब्द दिले तसे तोफेने शब्द घेतलेही.

पुढे कानात बारीक दारू ओतायची. ही आतल्या दारूपेक्षा जास्त बारीक आणि लवकर पेटणारी, तिचं नाव रंजक. कानातली रंजक पेटते, तिची ज्वाळा खाली बारापर्यंत जाते. शत्रूची तोफ हाती लागली पण ओढून नेता येत नाही, किंवा आपली टाकून पळायची वेळ आली, तर याच कानात लोखंडी खिळा ठोकायचा आणि वरचं डोकं मोडून टाकायचं. खिळा कोरून काढेपर्यंत ती तोफ म्हणजे नुसतं जड लोखंड. बुरूज फोडण्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त, हातोडी आणि मूठभर खिळ्यांत होणारं काम. ‘तोफांच्या कानांत खिळे मारले’ असं इतिहासाच्या पुस्तकांत येतं ते हेच. रोजच्या मराठीत हा वाक्प्रचार उतरला नाही याचं आश्चर्य वाटतं. एखाद्याचं अस्त्रच आधी निकामी करून ठेवलं, हे सांगायला याहून नेमका शब्दप्रयोग नाही. ‘कान भरणे’, ‘कान फुंकणे’ यांचा मात्र तोफेशी काही संबंध नाही, ते माणसाचेच कान.

मग नेम. इथे एक शब्द असा दडलाय की सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. शिस्त! जुन्या मराठीत शिस्त म्हणजे नेम. ‘शिस्त धरणे’ म्हणजे बंदुकीचा किंवा तोफेचा रोख बरोबर लावणे. फारसीतही तो शब्द नेमबाजीचाच. सरळ रेषेत बघायचं, इकडेतिकडे हलायचं नाही, या अर्थावरून तो नीटनेटकेपणाकडे सरकला आणि अखेर शाळेच्या भिंतीवर जाऊन बसला. तोफेची शिस्त दर बाराला नव्याने धरावी लागे, कारण बार उडाला की गाडा धक्क्याने मागे जाई. तो पुन्हा पुढे ढकलायचा, पुन्हा रोख लावायचा. बार भरण्यापेक्षा यातच जास्त वेळ जाई.

आता डागायची. डागणे म्हणजे तापलेल्या वस्तूचा चटका देणे. गुरांना डागतात, तीच क्रिया. लांब काठीच्या टोकाला पेटती वात, म्हणजे जामगी, गुंडाळलेली असे. गोलंदाज बाजूला उभा राहून ती कानाला टेकवी. तोफेला चटका दिला, म्हणून तोफ डागली. ‘बत्ती देणे’ हाही त्याच क्षणाचा शब्द. याचा अर्थ व्याकरणाच्या दृष्टीने डागली जाते ती तोफ, गोळा नव्हे. ‘गोळे डागले’ आता सर्रास लिहितात, आणि ‘क्षेपणास्त्र डागलं’ तर अधिकृत भाषेतही बसलंय. तिथे वात नाही, कान नाही, चटका कुणालाच द्यायचा नाही. भाषा अशी सरकतच असते, त्याबद्दल तक्रार नाही. पण लालित्याने लिहिणाऱ्याने ‘विरोधकांवर टीकेचे गोळे डागले’पेक्षा ‘विरोधकांवर टीकेची तोफ डागली’ लिहावं. त्यात चित्र नीट उमटतं.

एकामागून एक अनेक तोफा किंवा बंदुका सुटल्या की ती सरबत्ती. न थांबता, दम न खाऊ देता मारा चालू राहिला की तो भडिमार. दोन्ही शब्द आता प्रश्नांना लागतात, पण त्यांतला फरक सांभाळण्यासारखा आहे. पत्रकार परिषदेत दहा जणांनी दहा दिशांनी प्रश्न टाकले, ती सरबत्ती. एकाच वकिलाने साक्षीदाराला तासभर श्वास घेऊ दिला नाही, तो भडिमार. आणि ‘एका प्रश्नाची सरबत्ती’ होऊ शकत नाही, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

याच पंगतीतला ‘फैर’ हा शब्द तर रोज मार खातो. फैर हा इंग्रजी ‘फायर’चा मराठी अवतार, एक फैर, अनेक फैरी. ‘पोलिसांनी हवेत तीन फैरी झाडल्या’ हे बरोबर. ‘गोळीबाराच्या तीन फेऱ्या झाडल्या’ हे चूक. फेऱ्या चर्चेच्या होतात, मतमोजणीच्या होतात, देवळाभोवती होतात. एका वेलांटी-मात्रेच्या गफलतीने बंदुकीचं प्रदक्षिणेत रूपांतर होतं. काडतूस हा मात्र पोर्तुगीजांकडून आलेला. त्यांच्या ‘कार्तुशु’चं आपण केलेलं रूप.

आणि शेवटी तोफ थंडावते. हे नुसतं ‘शांत होते’ या अर्थाने घेऊ नये. सतत बार काढले की धातू तापतो, इतका की पुढची दारू आत जाताच पेटायची भीती. काशाच्या तोफेचं तोंड अति माऱ्याने झुकायलाही लागतं. म्हणून मध्ये थांबून ओले बोळे फिरवत तिला गार करावं लागे. थंडावलेली तोफ म्हणजे बराच वेळ जी डागली गेली नाही ती. बिघडलेली नव्हे, हरलेली नव्हे. त्यामुळे प्रचाराच्या तोफा थंडावल्या हे चपखल आहे, कारण पुढच्या निवडणुकीत त्याच तोफा पुन्हा तापणार असतात. निवृत्त झालेल्या नेत्याची तोफ ‘थंडावली’ म्हणताना मात्र जरा जपून. अशा तोफा अचानक बोलतात.

मुलुखमैदानाबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. विजापूरच्या या तोफेची लांबी सुमारे 14 फूट, वजन सुमारे 55 टन, आणि तोंडाचं भोक दोन फुटांहून मोठं. त्यात माणूस बसू शकतो. तोंडाला सिंहाच्या जबड्याचा आकार दिलाय आणि त्या जबड्यात हत्ती सापडलाय. निजामशाहीकडून ती परांड्याला गेली आणि तिथून 1632 च्या सुमारास आदिलशाहीत विजापूरला. आवाज इतका की बत्ती देऊन गोलंदाज शेजारच्या पाण्याच्या हौदात बुडी मारत असे, अशी आख्यायिका तिथे सांगतात. इंग्रजी अमलात, 1854 साली, तिचा मोडीत लिलाव पुकारला गेला आणि बोली आली दीडशे रुपयांची. लोकांची तोफेवर श्रद्धा होती आणि किंमतही हास्यास्पद, म्हणून तो व्यवहार रद्द झाला.

तिचं खरं नाव ‘मलिक-ए-मैदान’, रणमैदानाचा धनी. मराठी जिभेने मलिकचा मुलूख केला. अर्थाचा पत्ता बदलला, पण ऐट कमी झाली नाही, उलट वाढली: मैदान नुसतं नाही, मुलूखच्या मुलूख तिच्या माऱ्यात. दणदणीत वक्त्याला ‘मुलुखमैदान तोफ’ म्हणतात ते या तोफेवरून. पण ही पदवी वाटताना हात आखडावा. मुलुखमैदान हजारोंच्या सभेत, लांब पल्ल्यावर चालते. दिवाणखान्यात खुसखुशीत टोमणे मारणाऱ्याला ती शोभत नाही; त्याला जंबुरा म्हणावं. जंबुरा म्हणजे उंटावर बसवायची हलकी तोफ, मूळ फारसी शब्द ‘झंबूरक’, अर्थ छोटी गांधीलमाशी. चावते, पण बुरूज पाडत नाही.

तोफ चालवणारा तो गोलंदाज. गोल म्हणजे गोळा आणि ‘अंदाज’ हा फेकणारा या अर्थाचा फारसी प्रत्यय, तीरंदाजातही तोच. भारतीय लष्कराचा तोफखाना 28 सप्टेंबर हा दिवस आपला म्हणून पाळतो, कारण 1827 साली त्या दिवशी जी तुकडी उभी राहिली ती मुंबई इलाख्यातली, ‘गोलंदाज बटालियन’मधली. पुढे मराठीत क्रिकेट आलं आणि चेंडू टाकणाऱ्याला नाव हवं होतं. गोलंदाज तयारच होता. मग त्याला जोडीदार म्हणून, बॅटीच्या फळीवरून, त्याच साच्यात फलंदाज घडवला. व्युत्पत्ती काटेकोर लावली तर फलंदाज म्हणजे फळी फेकणारा, जे काही जण बाद झाल्यावर तंबूत करतात. हिंदीने गेंदबाज आणि बल्लेबाज असा वेगळा रस्ता धरला. मजा अशी की तुर्कीतही ‘तोपचू’ म्हणजे गोलंदाज, आणि बोलीभाषेत फुटबॉल खेळणारा. दोन देशांत, दोन खेळांत, तोफखान्यातला माणूस चेंडूपाशी येऊन पोचला.

त्याच्याबरोबर बाकीचं सामानही मैदानात आलं. ‘भेदक मारा’, ‘अचूक टप्पा’. तोफेचा भरीव गोळा जमिनीवर आपटून उसळत पुढे जाई आणि गोलंदाज मुद्दाम तसा टाकत; रांगेत उभ्या सैन्याला उसळता गोळा जास्त घातक. टप्पा कुठे पडतो याचं महत्त्व त्या गोलंदाजालाही होतं. ‘टप्प्यात येणे’ म्हणजे माऱ्याच्या अंतरात येणे.

‘मोर्चा’ हा शब्दही तोफांच्या सोबतीचा. वेढा घालताना तोफा लावण्यासाठी खणलेला, मातीच्या आडोशाचा तळ म्हणजे मोर्चा. एका बाजूचं काम झालं की तोफा फिरवून दुसऱ्या बुरुजाकडे रोख करायचा, म्हणजे मोर्चा वळवायचा. ‘पाहुण्यांनी आपला मोर्चा जेवणाकडे वळवला’ यातली गंमत इथून येते. मोर्चेबांधणी अजून राजकारणात जुन्याच अर्थाने चालते, हल्ल्याआधीची गुपचूप तयारी. पण रस्त्यावरचा मोर्चा चालतो, घोषणा देतो. खणलेल्या जागी बसून राहणाऱ्या शब्दाला पाय फुटले. ‘जरब’चंही असंच. मुळात अरबी, अर्थ प्रहार. फारसीत तोफा मोजताना ‘दहा जर्ब तोफा’ असं म्हणत. मराठीत प्रहार गेला, त्याची भीती तेवढी उरली.

‘तोफेच्या तोंडी देणे’ यात अलंकार नव्हता. ती शिक्षा होती. मुंबईत 15 ऑक्टोबर 1857 रोजी, आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांना उठावाच्या कटाच्या आरोपावरून तोफेच्या तोंडाला बांधून उडवण्यात आलं. साताऱ्यातही त्याच वर्षी अशा शिक्षा झाल्या. म्हणून या वाक्प्रचारात तिसरा माणूस लागतो: देणारा. वरिष्ठाने कनिष्ठाला तोफेच्या तोंडी दिलं, हे बरोबर. स्वतः होऊन संकटाला सामोरं जाणाऱ्याबद्दल ‘त्याने तोफेला तोंड दिलं’ म्हणावं. ‘तो तोफेच्या तोंडी लागला’ हे दोन वेगळ्या वाक्प्रचारांचं कडबोळं, आणि ते छापून येतं.

तसंच ‘विरोधकांच्या हाती दारूगोळा दिला’. हा इंग्रजीचा उतारा. मराठीत त्याला ‘आयतं कोलीत दिलं’ म्हणतात, आणि कोलीत म्हणजे पेटतं लाकूड, त्याने काम जास्त लवकर होतं.

तोफखाना म्हणजे तोफांचं घर, तोफांचं खातं, आणि पुढे त्या जागेचं नावही. नगरला तोफखाना नावाची वस्तीच आहे, पोलीस ठाण्याचं नावही तेच. पेशव्यांचा तोफखाना पानसे घराण्याकडे होता. सासवडजवळच्या सोनोरीचा मल्हारगड त्यांनी 1757 ते 1760 या काळात बांधला. आजचं तोफखान्याचं प्रशिक्षण नाशिकजवळ देवळालीला चालतं, तिथल्या वार्षिक सरावाचं नाव ‘तोपची’. फ तिथे पुन्हा प झाला.

राहता राहिली सलामी. मराठीत तोफ म्हणजे वस्तू, तशीच तिचा आवाजही. पेशवाईतल्या पुण्यात रात्री ‘तोफ होई’, आणि त्यानंतर रस्त्यावर सापडणाऱ्याला कोतवालाची माणसं धरत. ‘तोफ झाली का?’ या प्रश्नात वस्तू नाही, वेळ आहे. संस्थानांची प्रतिष्ठाही अशीच मोजली जाई: बडोदा 21 तोफांचं, कोल्हापूर 19, सांगली आणि सावंतवाडी 9. यात तोफांची संख्या नव्हे, बारांची. प्रजासत्ताक दिनालाही 21 तोफा एका रांगेत उभ्या नसतात. मोजक्या तोफा आळीपाळीने बार काढतात, आणि राष्ट्रगीताच्या 52 सेकंदांत 21 बार बसवतात. 2023 पासून त्यासाठी जुन्या ब्रिटिश तोफांऐवजी भारतीय बनावटीच्या 105 मिलिमीटरच्या तोफा वापरतात. बार असतो, गोळा नसतो. तेव्हा ‘21 तोफा डागून मानवंदना दिली’ लिहायला हरकत नाही. ‘21 तोफगोळे डागून मानवंदना दिली’ असं लिहिणाऱ्याने समोर कोण उभं आहे, एवढं आधी पाहावं.